मागं राहिलेल्यांचा भूगोल

पहिल्यांदा ते नाव कानावर पडलं तेव्हा मला वाटलं, आपल्याच दर्यापूर-अंजनगावकडचा कोणी गुंजे असेल. अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झालं, त्यानंतरची ती पहिली काही वर्षं. एम.ए. भूगोलाच्या वर्गात आम्ही मोजून अकरा जण होतो. सरांनी फळ्यावर एक मोठा चौकोन काढला, त्याच्या पोटात दोन लहान चौकोन, मग चौफेर बाण, आणि खाली खडूनं लिहिलं, ‘माबोगुंजे, १९७०’. मागच्या बाकावर खसखस पिकली. सर फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले, "हा माणूस कानोत जन्मला. नायजेरियाच्या उत्तरेला. तिथं आपल्यासारखीच ज्वारी पिकते."

त्या वाक्यानं आफ्रिका माझ्या घरात आली. तोवर ती नकाशातला एक रंग होती. काँगोचं जंगल, सहाराचं वाळवंट, सोनं, हिरे, कोको, आणि परीक्षेत पाच गुण. तिथल्या बाईच्या चुलीवर काय शिजतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

अकिन माबोगुंजे ४ ऑगस्ट २०२२ रोजी गेले. नव्वद वर्षांचे होते. इकडे नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते. वारुळापाशी वाहिलेल्या ज्वारीच्या लाह्या ओल्या मातीत अजून पांढऱ्या दिसत असतील. मला मात्र बातमी कळायला दिवाळी उजाडली. ज्यांना कधी पाहिलं नाही, ज्यांचा आवाज कधी ऐकला नाही, त्यांचं सुतक कोणत्या नात्यानं धरायचं? पण त्या संध्याकाळी मी भाकरी थापायला बसले आणि हात परातीतच राहिला. फळ्यावर आकृती काढणारे आमचे सर तर त्याआधीच गेलेले. मग आता त्या आकृतीची आठवण ठेवणारं वऱ्हाडात कोण आहे, असं वाटून गेलं, आणि म्हणून हे लिहिते आहे.

कानो हे फार जुनं शहर. मातीच्या जाड भिंतींनी वेढलेलं. भिंतीत जागोजागी वेशी, हौसा भाषेत वेशीला कोफा म्हणतात. आत निळीची कुंडं, बाजार, मशिदी, अमीराचा वाडा. माबोगुंजे जन्मले ते या भिंतींच्या बाहेर, साबोन गारीत. साबोन गारी म्हणजे नवं गाव. रेल्वेबरोबर दक्षिणेकडून आलेल्या कारकुनांची, कारागिरांची, फिरत्या विक्रेत्यांची वस्ती. भिंतीच्या आतल्यांना ते परके, आणि मूळ गावातल्यांना ते गेलेले. माबोगुंजेंचं कुटुंब मूळचं इजेबू-ओडेचं, योरुबा. वडील व्यापारी कंपनीतल्या नोकरीपायी उत्तरेला आले होते. १८ ऑक्टोबर १९३१ला हा मुलगा झाला. माणसं गाव का सोडतात आणि सोडल्यावर काय होतं, याचा आयुष्यभर शोध घेणारा हा माणूस डोळे उघडले तेव्हापासूनच गाव सोडलेल्यांच्यात वाढत होता.

हे वाचलं तेव्हा मी अमरावतीत परकोटाच्या आत, जवाहर गेटजवळ एका खोलीत राहत होते. रोज सकाळी वेशीतून बाहेर पडायचं. आत चिंचोळ्या गल्ल्या, लाकडी माड्या, सराफा, गर्दी. बाहेर पडून कॅम्पाकडे निघालं की रस्ता रुंद होत जायचा, बंगले सुरू व्हायचे, झाडं मोठी व्हायची. एका शहरात दोन शहरं. जुनं भिंतीच्या आत, नवं भिंतीच्या बाहेर, आणि मध्ये वेस. जवाहर गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावं मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या वेशीत उभं राहून दोन्हीकडे बघायला मला एका आफ्रिकी माणसाच्या पुस्तकानं शिकवलं. नायजेरियातल्या इबादान शहराविषयी त्यांनी नेमकं हेच लिहिलं आहे: एका शहरात शेजारी शेजारी नांदणारी दोन शहरं, एकमेकांना पाठ लावून बसलेली.

रेल्वेची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण कानो आणि अकोला यांची खरी सोयरीक तिथं जुळते.

१८५३ साली निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं. इंग्रजांचा डोळा इथल्या काळ्या जमिनीवर होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोहमार्ग भराभर पुढं सरकला. अकोला, बडनेरा करत १८६७ साली गाडी नागपूरला पोचली. १८७० साली खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून वेगळा फाटा काढला, आणि त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. ज्वारीची कितीतरी वावरं पऱ्हाटीखाली गेली. पुढं १८९६-९७चा आणि १८९९-१९००चा दुष्काळ आला तेव्हा हा पैसेवाला प्रांत, हे कापसाचं कोठार, भुकेनं तडफडून मेलं. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडचा कापूस आणि वऱ्हाडचा दुष्काळ या दोन गोष्टी एकाच पुस्तकात शेजारी ठेवल्या आहेत. त्या तशाच ठेवायला हव्यात.

आता कानो. तिथं गाडी पोचली १९११-१२ साली. हेतू तोच, कापूस. लँकशायरच्या गिरण्यांना उत्तर नायजेरियातून कापूस मिळावा म्हणून त्या लोहमार्गासाठी इंग्लंडात मोठा आग्रह धरला गेला होता. रूळ पडले, गाडी आली, गोदामं बांधली. आणि कानोच्या शेतकऱ्यांनी कापूस दिला नाही. त्यांनी भुईमूग पेरला. भाव बरा मिळत होता, ज्वारी-बाजरीशी जमवून घेता येत होता, आणि विकला नाही तर घरात खाता येत होता. कापसासाठी आलेली गाडी शेंगदाण्याची पोती भरून परत गेली. पुढं कानोत त्या पोत्यांचे डोंगर उभे राहायचे, पिरॅमिडसारखे, लांबून दिसणारे. १९७०च्या दशकात अवर्षणानं आणि रोगानं ते डोंगर ओसरले, हेही खरं. शेतकऱ्याचं शहाणपण कुठंच कायमचं पुरत नाही. पण मी ही गोष्ट अकोल्याच्या शाळेत तीस वर्षं मुलांना सांगितली, अभ्यासक्रमात नसताना सांगितली. दरवेळी कापूस उत्पादकाचं एखादं पोरगं मान वर करायचं आणि त्याचे डोळे असे काही व्हायचे की मला पुढचं बोलायला क्षणभर थांबावं लागायचं.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, चहाला खारी चव येते. गावापासून बनोसा स्टेशन चालत पाऊण तास. बनोशाहून शकुंतला मिळायची, मूर्तिजापूर ते अचलपूर छोट्या रुळांवरून धावणारी. धावणारी म्हणायचं एवढंच. उतरणाऱ्या माणसाला वावरातल्या माणसाशी बोलून पुन्हा चढता येई. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं होतं आणि १९९४ सालापर्यंत तेच गाडी ओढत होतं. आमच्या गावचा कापूस मँचेस्टरला गेला आणि मँचेस्टरहून ते इंजिन आलं. त्याच इंजिनामागं बसून मी शिकायला निघाले. बाबा बनोशाच्या फलाटावर उभे होते. माझी ट्रंक त्यांनी चढवली आणि मग काय करायचं ते त्यांना सुचेना, तर खिशातून रुमाल काढून त्यांनी खिडकीचा गज पुसला.

माबोगुंजेही अशाच गाडीतून कानोहून दक्षिणेला गेले असणार. कानोची शाळा सुटली, मग इबादान. तिथंच शाळा, तिथंच नुकतं उघडलेलं युनिव्हर्सिटी कॉलेज, पुढं लंडनला जाऊन भूगोल, आणि १९५८ पासून पुन्हा इबादानला अध्यापन. १९६० साली नायजेरिया स्वतंत्र झाला, १९६१ साली त्यांची पीएच.डी. पुरी झाली. लंडनमध्ये राहता आलं असतं. ते घरी परतले, आणि लंडनमध्ये शिकलेल्या शास्त्रानं लंडनचंच एक म्हणणं खोडून काढलं.

म्हणणं असं होतं की आफ्रिकेत शहरं गोऱ्यांनी आणली. त्याआधी होती ती नुसती मोठी खेडी. माबोगुंजेंनी योरुबा शहरांची मांडणी, बाजार, तट, राजवाडे, कारागिरांचे वाडे, व्यापाराचे रस्ते, सगळं तपासलं. १९६२ साली त्यांचं ‘योरुबा टाउन्स’ आलं, १९६८ साली ‘अर्बनायझेशन इन नायजेरिया’. त्यांनी विचारलं, शहर म्हणजे काय? जिथं माणसं वेगवेगळी कामं वाटून घेतात, जिथं सत्ता बसते, जिथं व्यापारी असतात, ते शहर. मग योरुबांची शहरं रुळांच्या कितीतरी आधीची आहेत. रुळांनी आणि पुढं डांबरी रस्त्यांनी एवढंच केलं की जुनी उतरंड मोडली. काही गावांना वर उचललं, काहींना बाजूला टाकलं. त्यांचं स्वतःचं इजेबू-ओडे रेल्वेपासून बाजूलाच राहिलं.

हे वाचून मी अचलपूरला गेले होते, मुद्दाम, शकुंतलेनंच. १४९० साली इमादशाहीची राजधानी झालेलं शहर. १५७४ साली अहमदनगरनं ते राज्य गिळलं, तरी एलिचपूर हे नाव मोठंच राहिलं. इंग्रजांनी मोठी गाडी नेली बडनेऱ्यावरून, पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला, आणि अचलपूरच्या वाट्याला आले शकुंतलेचे हे अरुंद रूळ. आम्हाला शाळेत वऱ्हाडचा भूगोल शिकवला तो अकोल्याच्या जिनिंगपासून सुरू व्हायचा. जणू त्याआधी इथं नुसती माती होती. त्या दिवशी अचलपूरच्या जुन्या दरवाज्याखाली, भिंतीत उगवलेल्या पिंपळाखाली मी उभी राहिले, आणि इबादानच्या एका प्राध्यापकानं माझ्या शहराची बाजू मांडली आहे असं मला वाटलं.

पण मला आधार दिला तो त्या फळ्यावरच्या आकृतीनं.

१९७० सालचा तो एक लेख. खेड्यातून शहरात होणाऱ्या स्थलांतराकडे एक व्यवस्था म्हणून बघायचं, एवढंच त्याचं नाव सांगतं. तोवर लोक विचारत होते की माणूस का जातो आणि किती लांब जातो. माबोगुंजेंनी विचारलं, तो गेल्यावर काय काय हलतं? मोठा चौकोन म्हणजे भोवतालची परिस्थिती: भाव, सरकार, रस्ते, शाळा, दवाखाना. आतला एक चौकोन गावाचा. त्यात घर, भाऊबंद, जमिनीची वाटणी, गावकी. ही मंडळी जाणाऱ्याला अडवतात किंवा वाट मोकळी करून देतात. दुसरा चौकोन शहराचा. तिथं नोकरी, खोली, ओळखपाळख. ते जाणाऱ्याला सामावून घेतात किंवा ढकलून देतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचा तो मागं वळलेला बाण. गेलेल्याची खबर गावाला येते. बरी खबर आली की त्याच वाटेनं दुसरा निघतो, मग तिसरा, आणि काही वर्षांत एका गावाची माणसं एका शहराच्या एकाच कोपऱ्यात सापडू लागतात. वाईट खबर आली की ओढा आटतो. आणि इकडे मागं राहिलेलं गावही तेच गाव राहत नाही. जाणारा आपली जागा मोकळी करून जातो. त्या जागेभोवती जमीन, मजुरी, लग्नं, पीक, सगळं नव्यानं बसतं.

त्यावेळी मी हे वहीत उतरवून घेतलं आणि परीक्षेत लिहिलं. कळलं ते नंतर, माझ्या भावाच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आयटीआय करून तो १९९३ साली पिंपरी-चिंचवडला गेला. आधी आमच्या गावचा एकच पोरगा तिथं होता, त्याच्या खोलीवर हा उतरला. दोन वर्षांत त्या खोलीत गावचे सात जण झाले. आज आमच्या गावची निम्मी तरणी पोरं चाकणच्या आसपास आहेत. दसऱ्याला सोनं वाटायला गावापेक्षा तिकडे जास्त माणसं जमतात. मागं वळलेला बाण आमच्याकडे आधी पोस्टकार्डावरून यायचा, मग गावातल्या एसटीडी बूथवरून, रविवारी सकाळी. बाबा पावणेनऊपासूनच तिथं जाऊन बसायचे. भाऊ विचारायचा, "पानी हाये काय?" बाबा म्हणायचे, "हाये." पाऊस नसला तरी म्हणायचे. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. खबर नेहमी शहराकडूनच गावाला येते असं नाही. गावही शहराला खबर पाठवतं, आणि लेकराचा जीव तिकडे लागून राहू नये म्हणून कधी कधी खोटी पाठवतं. माबोगुंजे सर, तुमच्या बाणाच्या शेजारी मी पेन्सिलीनं एवढं लिहून ठेवलं आहे.

आणि मग ज्वारी गेली.

हे बाहेरच्या माणसाला समजत नाही. तो म्हणतो, सोयाबीनला भाव होता म्हणून लोकांनी ज्वारी सोडली. भाव होताच. पण ज्वारी हे राखणीचं पीक आहे. दाण्यात चीक भरला की पाखरं उतरतात. वावरात चार खांबांचा माळा घालायचा, त्याच्यावर दिवसभर घरातलं कोणीतरी बसायचं, गोफण फिरवायची, डबा वाजवायचा, हाळी द्यायची. रात्री डुकरं आणि रोही. मग सोंगणी, कणसं खुडणं, खळं, मळणी, कडब्याच्या पेंढ्या बांधणं, गंजी रचणं. प्रत्येक कामाला हात लागतात, आणि पगाराच्या हातांनी माळ्यावरची राखण परवडत नाही. ती घरच्या पोरांनीच करायची असते. मी केली आहे, भावानं केली आहे. माळ्यावर बसूनच तो सत्तावीसपर्यंतचे पाढे शिकला. तो गेला, शेजारचा गेला, त्याच्या पलीकडचा गेला. उरलेल्या एकाच वावरात ज्वारी असली की सगळ्या शिवाराची पाखरं त्याच एका वावरावर पडतात. बाबांनी तीन वर्षं एकट्यानं राखली. चौथ्या वर्षी सोयाबीन पेरलं. त्या वर्षी पेरणीच्या दिवशी ते जेवले नाहीत.

ज्वारी मूळची आफ्रिकेची. सुदानच्या पूर्वेकडच्या मुलखात माणसानं ती पहिल्यांदा आपलीशी केली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती समुद्रापलीकडून इकडे आली आणि आमची झाली. इतकी की खंडोबाच्या भंडाऱ्याइतकीच ती आम्हाला आपली वाटते. चवळी तिकडचीच. आमच्या अंबाडीचंही मूळ तिकडेच सांगतात. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, चवळीची उसळ हे आमचं ताट, आणि त्यातलं जवळजवळ सगळं आफ्रिकेतून आलेलं. कानोकडे ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवतात, त्याला तुवो म्हणतात, आणि पातळ कालवणाशी खातात. माझी माय ज्वारीच्या कण्या करायची. मी तिला एकदा सांगितलं, अशीच एक बाई तिकडे चुलीपाशी बसली असेल. माय म्हणाली, "तिले कण्यात ताक घालाले सांग."

दाणा चार हजार वर्षांत इकडे रुजला आणि वीस वर्षांत आमच्या शिवारातून उठला. कोणती आपत्ती आली नाही, टोळ आले नाहीत. फक्त पोरं गेली. फळ्यावरच्या त्या आकृतीतला गावाचा चौकोन मी वावराच्या धुऱ्यावर उभं राहून पाहिला आहे, आणि त्यातली प्रत्येक रेघ बरोबर होती.

तरी एक भांडण आहे, सर. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण शिक्षकाशी भांडता येतं.

तुमच्या आकृतीत निघणारा माणूस मला नेहमी पुरुषच दिसला. तो नोकरीसाठी जातो, पैसे पाठवतो, खबर पाठवतो. मीही तर गाव सोडलं. शिकायला अमरावतीला गेले हे सोडा. मी लग्न होऊन अकोल्याला आले. माझी माय लग्न होऊन बाळापूरकडून आली. तिची माय आणखी कुठून. आपल्या जनगणनेत स्थलांतराचं कारण विचारतात तेव्हा बायकांच्या रकान्यात सगळ्यांत मोठा आकडा ‘लग्न’ या शब्दापुढं असतो. या देशातलं सगळ्यांत मोठं चालणं हे आहे, आणि ते कोणत्या गाडीच्या वेळापत्रकात दिसत नाही. आम्हाला कोणती खबर ओढून नेत नाही. आमच्यासाठी गावाचा चौकोन अडवत नाही, उलट वाजतगाजत बाहेर काढतो. आणि आमचा मागं वळलेला बाण म्हणजे नागपंचमीला आलेला भाऊ, आखाजीचं माहेरपण, आणि पिशवीत बांधून दिलेलं पायलीभर पीठ.

तुम्ही योरुबा बाजारातल्या बायकांवर लिहिलं होतं. तिकडचा बाजार बायकांच्या हातात असतो, भाव त्या ठरवतात, हे तुम्ही कौतुकानं सांगितलंत. बायका तुम्हाला दिसत होत्या. मग सिद्धांत मांडताना त्या बाणाच्या टोकाशी का नाही आल्या? वर्गात हा प्रश्न मी सरांना विचारला होता. सर खडू हातात धरून बराच वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, "हा बाण तू काढ." मी अजून काढतेच आहे.

पुढचं आयुष्य तुमचं फार मोठं झालं, त्याबद्दल मी थोडक्यातच लिहिणार. १९८० ते ८४ तुम्ही आंतरराष्ट्रीय भूगोल संघाचे अध्यक्ष होतात, त्या खुर्चीवर बसलेले पहिले आफ्रिकी. म्हणजे आमच्या फळ्यावर तुमचं नाव आलं तेव्हा ते अगदी ताजं होतं. १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं तुम्हाला घेतलं. २०१७ साली फ्रान्समधल्या सेंट-दिए गावात वोत्रँ ल्यूद पुरस्कार मिळाला, ज्याला लोक भूगोलाचं नोबेल म्हणतात. त्याच गावात १५०७ साली एका नकाशावर पहिल्यांदा ‘अमेरिका’ हे नाव छापलं गेलं. दुसऱ्यांच्या जमिनींना नावं देणाऱ्या त्या गावानं पाचशे दहा वर्षांनी साबोन गारीच्या मुलाच्या हाती मान दिला, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याहून मला जवळचं वाटतं ते हे, की तुम्ही नुसते लेख लिहीत बसला नाहीत. खेड्यांचे रस्ते बांधणाऱ्या सरकारी यंत्रणेत तुम्ही काम केलंत. गावच्या माणसांनी गावचा पैसा सांभाळावा म्हणून निघालेल्या सामुदायिक बँकांच्या मंडळाचं अध्यक्षपद घेतलंत. म्हातारपणी जमिनीच्या हक्कांची नोंद नीट व्हावी म्हणून समितीवर बसलात. सावकाराच्या वहीखाली दबलेली घरं मी अकोल्यात आणि अमरावतीत पाहिली आहेत. फवारणीचं औषध पिऊन गेलेल्या बापाची मुलगी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसत असे. तिला नायजेरियाची राजधानी विचारली की ती उभं राहून ‘अबुजा’ म्हणायची आणि बसायची, दुसरं काही बोलायची नाही. अशा जागी बसून तुमचं चरित्र वाचताना त्या समित्यांची नावं कोरडी वाटत नाहीत. कोणीतरी एक भूगोलवाला खडू ठेवून उठला आणि रस्त्याकडे, बँकेकडे, सातबाऱ्याकडे गेला, एवढं त्यातून वाचता येतं.

शकुंतला गेली काही वर्षं बंद आहे. बनोशाच्या रुळांत गवत वाढलं आहे. बाबा गेले. माय ब्याऐंशीची झाली, गावीच राहते. अकोल्याला चार दिवस येते आणि पाचव्या दिवशी पिशवी भरते. वावर मक्त्यानं दिलं आहे.

मागच्या दिवाळीत भाच्याला घेऊन गावी गेले होते. तो चिंचवडला जन्मला, तिथंच वाढला. सकाळी आम्ही वावरात गेलो. सोयाबीन निघून गेलं होतं, काळं रान उघडं पडलं होतं, आणि मधल्या पट्ट्यात, विहिरीच्या अंगाला, ज्वारीचे सहा तास उभे होते. निसवलेले. कणसांत दाणा भरत आलेला, अजून हिरवट. मी तर बघतच राहिले. भाच्यानं विचारलं, "आत्या, हा ऊस आहे?" मी म्हटलं, "ज्वारी. आफ्रिकेतून आली." त्याला ती थट्टा वाटली. मग त्यानं मोबाइल काढला, वाऱ्यावर डोलणाऱ्या कणसांचा व्हिडिओ घेतला आणि बापाला पाठवून दिला.

दोन मिनिटांत फोन वाजला. भावाच्या मागून कारखान्याचा आवाज येत होता. सणाच्या दिवसांतही त्याला सुट्टी नव्हती. त्यानं पाऊस विचारला नाही, मायची तब्येत विचारली नाही. म्हणाला, "ताई, आपल्या वावरात ज्वारी कोनं पेरली?"

"मायनं. मक्तेदाराले सांगून सहा तास सोडून घेतले म्हने."

पलीकडे बराच वेळ नुसता यंत्राचा आवाज. मग तो म्हणाला, "राखाले कोन हाये?"

मी वळून पाहिलं. माय धुऱ्यावरच्या निंबाखाली बसली होती. मांडीवर तेलाचा रिकामा डबा, हातात लोखंडी चमचा. फोनवर कोण आहे, काय विचारतो आहे, हे तिला ऐकू जात नव्हतं. उत्तरेकडून पाखरांचा एक थवा विहिरीवरून वळला आणि खाली येऊ लागला, आणि तिनं डबा वाजवला.